तेलेसियाचा नोनूचा पाला

सदर प्रवासी: तेलेसिया, स्त्री, वय एकसष्ट, राहणार कोलोवाई, टोंगा. ऑकलंडला येण्याचं प्रयोजन: कौटुंबिक भेट. सोबतचा माल: शिजवलेलं कोनफळ, मान्य. विणलेली चटई, तपासून मान्य. झाडाची ताजी पानं, एक पिशवी, अमान्य. पानांचा उद्देश: वैयक्तिक वापर.

यातलं 'वैयक्तिक' तेवढं खोटं होतं. कोलोवाईत वैयक्तिक म्हणता येईल अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे कवळी. पानं नोनूची, म्हणजे आमच्याकडच्या औषधी झाडाची होती आणि फेआओसाठी होती. फेआओ हा तेलेसियाचा धाकटा भाऊ. तो इथल्या रुग्णालयात होता आणि डॉक्टरांनी घरच्यांना आता नुसतं शेजारी बसायला सांगितलं होतं. गावातली औषधवाली म्हणाली, पाला कच्चा वाटा, फडक्यातून पिळा, रस पाजा. वाळवला की मेला, शिजवला की मेला.

कच्चा पाला हद्दीतून आत येत नाही, हे टोंगातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेलेसियालाही होतं. पण तपासणीच्या टेबलाशी किटिओने होता, तिच्या चुलतभावाचा मुलगा, आणि आमच्यात आत्याला नाही म्हणत नाहीत. आत्यानं तुमचं डुक्कर मागितलं तर दोरही तुम्हीच सोडून द्यायचा. म्हणून तिनं अर्जावर 'सोबत झाडपाला आहे का?' यातल्या 'होय'पुढे ठसठशीत खूण केली आणि शेजारच्या रांगा आखूड असताना किटिओनेच्याच रांगेत उभी राहिली. मी तिचा गाववाला, पण राहणारा ऑकलंडचा; त्याच विमानातून परतलो होतो आणि तिच्या मागेच होतो.

"प्रवास बरा झाला ना, आत्या?"

"विमान हललं, मी नाही. बघ आणि सोड लवकर. फेआओ वाट बघतोय."

किटिओनेनं पिशवी उघडली.

"हा पाला नाही जाणार, आत्या."

"तो कुठं जातोय? मी नेतेय."

"कीड असते, अंडी असतात..."

"तीनदा धुतलाय. तुझ्या आईनं तुला तरी इतका धुतला होता का?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"नाही जमणार."

"हे सरकार म्हणतंय, का तू?"

किटिओने टेबलाला वळसा घालून आला आणि गणवेशासकट तिच्यापुढं जमिनीवर मांडी घालून बसला. आत्याकडं माफी मागायची तर डोकं तिच्याहून खाली हवं. त्याच्या साहेबबाईंना वाटलं घेरी आली. त्या पाणी घेऊन धावल्या.

"नोकरी सोड म्हण, आत्ता सोडतो," तो मान खाली घालून म्हणाला. "पण पाला राहू दे."

"नोकरी घाल चुलीत. दहा पानं दे. पाच दे." तिचा आवाज फाटला. "माणूस मरतोय रे! तुला खांद्यावर घेऊन नाचलाय तो!"

त्यानं तोंड उघडलं, रांगेकडं पाहिलं, मिटलं. मग उठून पिशवी पिवळ्या पिंपात रिकामी केली.

एक पान खाली पडलं होतं. तेलेसियानं वाकून ते मुठीत दाबलं. किटिओनेनं मूठ उघडायला सांगितलं नाही. नुसता हात पसरून उभा राहिला. रांग खोळंबली. शेवटी तिनंच ते त्याच्या हातावर ठेवलं.

"आजपासून मी तुझी आत्या नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"बरं, आत्या," तो म्हणाला.

मी तिला माझ्या गाडीतून रुग्णालयात सोडलं. वाटभर ती फेआओसाठी कमी आणि किटिओनेविरुद्ध जास्त प्रार्थना करत होती. लोसे, म्हणजे फेआओची बायको, दारातच भेटली.

"लोसे, मी रिकाम्या हातानं आले गं," तेलेसिया म्हणाली आणि तिथंच खाली बसली. "त्या मेल्यानं माझा पाला फेकला."

लोसे तिच्याजवळ टेकली. भावाच्या देहाबद्दल बहिणीशी बोलणं आमच्यात वर्ज्य. त्यामुळं फोनवर तिला रोज 'वाट बघतोय' एवढंच सांगितलं जात होतं. किटिओने रविवारी फेआओच्या खाटेशी प्रार्थनेला येऊन सगळं बघून गेला होता, पण तेही भर रांगेत तिला सांगणार कोण? ते लोसेलाच सांगावं लागलं, तेही भिंतीकडं बघत.

फेआओला शनिवारपासून पाण्याचा घोटही गिळता येत नव्हता.