टेम्पोच्या पुढे

पन्नाशीला टेकल्यावर मी सायकल शर्यतीत नाव दिलं, तेही नवशिक्यांच्या गटात. अर्धं आयुष्य शाळेत शिकवणारी बाई आता नवशिकी, म्हणून घरी सगळ्यांनी हसून घेतलं. हसा म्हटलं.

आमच्या गटामागे एक टेम्पो चालायचा. तो तुमच्या पुढे गेला की तुमची शर्यत संपली, सायकलीसकट मागे चढायचं. पहिल्या वर्षी मी त्यात टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसून नेमकी माझ्याच शाळेच्या गावातून गेले. रस्त्याकडेच्या पोरांना वाटलं, बाई जिंकल्या, मिरवणूक निघाली. त्यांनी टाळ्या पिटल्या. मीही हसून हात हलवला आणि गाव मागे पडल्यावर डोळे पुसले. पुढच्या वर्षी या गावातून सायकलवरूनच जायचं, नंबर गेला खड्ड्यात, असं तेव्हाच ठरवलं.

दुसऱ्या वर्षीही मी नवशिक्यांसारखीच सुटल्या सुटल्या जीव खाऊन पळाले. पेठ रस्त्याला चढ लागला आणि पायांत गोळे आले. एकेक जण पुढे निघून गेला. मागे तोच टेम्पो, तोच ड्रायव्हर. बसता का म्हणून त्याने विचारलं, तर मी मागे न बघताच त्याला मुकाट्याने गाडी चालवायला सांगितलं. वर्गातला आवाज अशा वेळी बरा कामी येतो.

घाटमाथ्यावर रस्त्यालगत देवीचं छोटं देऊळ आहे. तिथे पोचेपर्यंत टेम्पो अगदी कानाशी आला होता. आता हा पुढे काढणार, एवढ्यात ब्रेक लागल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर ड्रायव्हर चपला काढून देवळाच्या पायऱ्या चढत होता. मी मनातल्या मनात हात जोडले आणि सायकल उतारावर सोडली. काय वारा होता तो! मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते.

गावात पोरं उभीच होती. एकीने जरा हिरमुसून विचारलं, "बाई, औंदा टेम्पो नाय?"

नाही गं बाई, म्हणत मी पुढे गेले. शेवटून पहिली आले, पण आले.

बक्षिसं वाटून झाली तरी टेम्पोचा पत्ता नव्हता. तो आला तेव्हा ड्रायव्हरने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. गेल्या वर्षी तर याच देवीला त्याने चालत्या गाडीतून नुसते हात जोडले होते, ते मला आठवत होतं. एवढा वेळ देवळात काय करत होता, असं मी विचारलं.

"नवस व्हता मॅडम, तो फेडला," तो म्हणाला. "गेल्या साली आरशात तुम्ही रडताना दिसल्या. माझ्या गाडीत पुन्हा नाय बसायच्या, असं तिथूनच देवीला बोललो व्हतो."

मी तिथेच उभी राहून ते खोबरं खाल्लं.