निम्मं या होडीत, निम्मं त्या

लढाईचे दिवस होते. मुळशीच्या धरणावर पहारा होता आणि पाण्यापलीकडे आमची एक चौकी. मी हवालदार, चौकीला रेशन पोचवणं माझं काम. दरड कोसळून रस्ता बंद झाला, तसा माल होडीनं जाऊ लागला. त्या सकाळी वायरलेसवर निरोप आला. एक जवान तापानं बरळतोय, औषध संपलंय, पीठही आजच्यापुरतंच आहे.

होड्या दोन. एकीत औषध आणि दुसरीत पीठ-रॉकेल, असं आम्ही भरलं. मोजायला सोपं. सुभेदारसाहेबांनी सगळं खाली उतरवलं.

"निम्मं निम्मं करा. एका होडीत जे, तेच दुसरीत."

पावसात खोकी फोडताना आम्ही मनातल्या मनात साहेबांचा उद्धार करत होतो. माझा चुलतभाऊ धोंडिबा आमच्याच तुकडीत नाईक होता. तो पुटपुटला, "दादा, सायबानं वाण्याचं दुकान टाकाया पायजे व्हतं."

तो माझ्या होडीत चढू लागला. साहेबांनी दंड धरून त्याला दुसरीकडे वळवलं.

"एका घरचे दोघे एका होडीत नाहीत."

दुपारी निघालो, होडीत दोघं दोघं. माझं आजोळ याच पाण्याखाली गेलेलं. लहानपणापासून मला या पाण्याची भीती वाटायची, वर्दी चढवली तरी ती गेली नव्हती. मध्यावर वारा फिरला. लाटा आत येऊ लागल्या आणि मी वल्हं टाकून होडीचा काठ धरायला गेलो.

"दादा, वल्हं सोडू नगंस!" धोंडिबा ओरडला.

पुढच्याच लाटेला त्याची होडी आडवी होऊन उलटली. त्याचा जोडीदार पोहत येऊन आमच्या काठाला लटकला, त्याला आत ओढलं. धोंडिबा दिसेना. हाका मारत आम्ही घिरट्या घातल्या. होडीत पाणी चढत होतं.

"हवालदार, आता आपलीही जाईल," माझा जोडीदार म्हणाला.

मी होडी चौकीकडे वळवली. आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही, आणि तेव्हा पाण्याला घाबरलो नव्हतो.

चौकीवरून वायरलेस लावला.

"एक होडी पोचली. ओव्हर."

"दुसरी? ओव्हर."

मी बटण दाबलं. "उलटली. ओव्हर."

निम्मं औषध पुरलं. जवान वाचला, चौकी उपाशी राहिली नाही. धोंडिबाचं प्रेत दुसऱ्या दिवशी काठाला लागलं.

गावी, रिह्याला गेलो तेव्हा चुलतीनं, धोंडिबाच्या आईनं विचारलं, "तू संगं न्हवतास व्हय रं?"

"दुसऱ्या व्हडीत व्हतो, काकी. सायबानं येका व्हडीत बसू दिलं न्हाई."

तिनं माझा हात घट्ट धरला. "बरं केलं त्यानं. येक तरी घरी आला."

फौज सोडल्यावर मी मालट्रक घेतले. एका गिऱ्हाइकाचा सगळा माल मी एका गाडीत घालत नाही. खर्च वाढतो म्हणून पिरंगुटचे व्यापारी कुरकुरतात. एखादी गाडी घाटात अडकली की गप्प होतात. धंद्याची अक्कल विचारायला जे येतात, त्यांना मी एवढंच सांगतो, निम्मं या गाडीत, निम्मं त्या.

माझ्याकडे दोन सख्खे भाऊ कामाला आहेत, एक ड्रायव्हर, एक क्लीनर. एकाच गाडीवर जायचा हट्ट धरतात. मी धाकट्याचा दंड धरतो आणि त्याला दुसऱ्या गाडीकडे वळवतो.