पाण्याच्या परवानगीने

माझ्या आजवरच्या आयुष्यात मला जेवढे म्हणून धक्के बसले, त्यांतले निम्म्याहून अधिक एकाच माणसाने दिले, आणि ते त्याने चौदा वर्षांचा व्हायच्या आत देऊन संपवले. तो शाळेत माझ्या तरटावरचा शेजारी. मराठी तिसरीपासून सातवीपर्यंत आम्ही एकाच तरटावर मांडीला मांडी लावून बसलो. मी मुळातच घाबरट. घरात पितळेचं भांडं पडलं तरी मी दारामागे लपायचो. जागा ठरवताना मास्तरांनी आमच्या उंचीचा विचार केला, माझ्या काळजाचा केला नाही. त्यामुळे रोज सकाळी शाळेत जाताना मला पहिली चिंता पडे ती अभ्यासाची नव्हे, आज हा काय करून ठेवणार याची.

पहिली गोष्ट म्हणजे तो शाळेत कधी येईल याचा नेम नसे. म्हणजे आम्हाला नसे, त्याला पक्का असे. त्याची वाडी खाडीच्या पलीकडे. तिथे पाचपंचवीस मुसलमानांची घरं, बहुतेक सगळे गलबतांवर जाणारे. त्याचे वडील फत्तेमारीवर, म्हणजे मोठ्या शिडाच्या गलबतावर, खलाशांचे तांडेल होते, आणि घरची होडी मासे धरायला गेलेली असायची. तेव्हा पाणी उतरलं की हा लेंगा गुडघ्याच्या वर खोचून चालत खाडी ओलांडायचा. शाळा अकराला भरे, पण त्याची सुकती, म्हणजे ओहोटी, रोज पाऊण तासाने पुढे सरके, आणि तिच्याबरोबर हाही सरके. एखाद्या दिवशी आम्ही पोचायच्या आधी येऊन हा सगळी शाळा झाडून पायरीवर बसलेला, तर एखाद्या दिवशी तीन वाजता अंगाला चिखल लावून हजर. जायची तीच तऱ्हा. मास्तर कवितेच्या ऐन रंगात आलेले असताना तो खिडकीतून बाहेर पाही, दप्तर उचली आणि "मास्तर, पाणी फिरला" एवढं सांगून चालू लागे. मास्तरांनी पहिल्या वर्षी त्याला छडीने वळण लावून पाहिलं. दुसऱ्या वर्षी ते थकले. तिसऱ्या वर्षी तर तेच मधून मधून त्याला विचारू लागले, "अरे, आज तुला किती वाजेपर्यंत वेळ आहे?"

दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले त्या दिवसाची आठवण झाली की मला आजही घाम फुटतो. दिपोटी म्हणजे आमच्या लेखी साक्षात लाटसाहेब. मास्तरांनी आदल्या आठवड्यापासून जेवण सोडल्यासारखं केलं होतं. साहेब खुर्चीत बसले, चष्मा लावला, पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि माझ्या शेजारचा उठला. मी त्याचा सदरा धरला, तो सदरा सोडवून दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?" साहेबांनी विचारलं.

"घरी, रावसाहेब."

"कोणाच्या परवानगीने?"

"पाण्याच्या," तो अदबीने म्हणाला. सलाम केला आणि गेला.

मास्तर भिंतीला टेकले. साहेबांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मास्तरांची नोकरी टिकली, एवढं खरं.

त्याच्या डोक्यावर गोंड्याची लाल टोपी असे आणि ती त्याची तिजोरी होती. खाडीतून येताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून लेखणी, भाकरी, आवळे, चिंचा, सगळं टोपीत. एकदा भूगोलाच्या तासाला टोपी आपोआप हलू लागली. मी डोळे मिटून घेतले. टोपी काढली तर आतून जिवंत कुर्ली, खाडीतली खेकडी, निघाली आणि तरटावरून सरळ माझ्या मांडीकडे आली. मी जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारच्या देवळातला गुरव धावत आला. "अरे भटा, तुझ्यासाठी न्हाय आणला, अम्मासाठी नेतोय," अशी त्याने माझी समजूत घातली. तो मला कायम भटाच म्हणत असे, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नाही.

आमच्या घरचं सोवळं कडक. तो आला की अंगणात उभा राहून हाक मारी. एकदा त्याने एवढ्या मोठ्याने ओरडून सांगितलं की अख्ख्या आळीने ऐकलं: "काकू, मी कशाला शिवलो न्हाय हां! पण तुमची म्हैस मला शिवली!" आता काय होतंय या भीतीने मी कोठीच्या खोलीत दडलो. बाहेरून हसण्याचा आवाज आला. माझ्या आईला एवढं मोठ्याने हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून घरात घावन झाले की केळीच्या पानात त्याचे दोन वेगळे निघू लागले.

पण खरा धक्का त्याच्या गणिताचा. पावकी, निमकी म्हणताना आमची गाडी रडतखडत का होईना चाले, पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, आली की मात्र सगळा वर्ग माना खाली घाली. हा मात्र पाउणकी अशी म्हणे की मास्तरांनी छडी खाली ठेवून ऐकत राहावं. एकदा मी त्याला याचं रहस्य विचारलं, तर तो म्हणाला, "त्यात काय? पाउणकीवर तर मी घरी जातो." त्याच्या वडिलांनी त्याला भरती काढायचा हिशेब शिकवला होता. चांदाच्या तारखेत दोन मिळवायचे आणि येईल त्या आकड्याची पाउणकी म्हणायची. उत्तर येईल तितक्या वाजता भरती, त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर सुकती. मी तो हिशेब पाठ केला. 'दोन मिळवायचे, पाउणकी म्हणायची.' दोन कशाला मिळवायचे, हे काही मी विचारलं नाही. पाठ झाल्यावर विचारायचं नसतं, अशीच आमची शाळा होती.

आम्ही सातवीत गेलो आणि फायनलची परीक्षा जवळ आली. माझ्या घरी ती मी पास होणार हे धरूनच चाललं होतं. त्याच्या घरी मात्र निराळंच ठरलं होतं. वडिलांनी त्याला सांगितलं होतं, "पास झालास तर मास्तर हो. नापास झालास तर दुसऱ्या दिवशी फत्तेमारीवर." आणि या माणसाला मास्तर व्हायचं होतं! शाळेच्या वेळेवर एकदाही न आलेल्या, दिपोटीला सलाम ठोकून निघून गेलेल्या माणसाला खुर्ची, फळा आणि चाळीस पोरं हवी होती. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी इतका चकित झालो की हसायचंही विसरलो. तो नेहमी हसणारा, पण ते सांगताना हसला नाही. मास्तरांनाही त्याने सांगितलं होतं, आणि मास्तर शाळा सुटल्यावर, म्हणजे पाणी असेल त्याप्रमाणे, त्याला वेगळं शिकवू लागले होते.

परीक्षा तालुक्याच्या गावी. आम्ही सगळे चार दिवस आधी मास्तरांबरोबर तिथे जाऊन राहिलो. त्याच्या बहिणीचं लग्न नेमकं आदल्या दिवशी आलं, त्यामुळे तो परीक्षेच्या सकाळीच चालत येणार होता. वाटेत त्या गावाच्या अलीकडे एक खाडी लागे. आम्ही निघताना त्याने मला बजावलं, "ही खाडी आत लांब शिरलीय. हिचा पाणी कधी उतरतो मला ठाऊक न्हाय. तू काठावर जाऊन डोळ्यांनी बघ आणि लिहून धाड. हिशेब काय, तो मी करीन."

मी गेलो नाही. काठ आमच्या बिऱ्हाडापासून हाकेच्या अंतरावर, पण मी इतिहासातल्या सनावळ्या घोकत बसलो होतो. शिवाय हिशेब मला येत होता ना! पाडव्यापासून परीक्षेचा दिवस चौथा. चतुर्थी. चार, त्यात दोन मिळवले, सहा. सहाची पाउणकी साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाला सुकती. मी ऐटीत चिठ्ठी लिहिली, 'साडेदहाला पाणी तळाला,' आणि गावाकडे जाणाऱ्या गाडीवानाबरोबर धाडून दिली. पेपर अकराचा. खाडी ओलांडली की शाळा समोरच. सगळं छान जमलं, असं वाटून मी पुन्हा सनावळ्यांना लागलो.

परीक्षेच्या दिवशी पहिला पेपर गणिताचा. अकरा वाजले, तो आला नाही. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. पावणेबाराला दारात काहीतरी हललं म्हणून मी वर पाहिलं आणि माझ्या हातातली लेखणी गळून पडली. छातीपर्यंत चिखल, खाडीकाठच्या तिवरांच्या फांद्यांनी ओरबाडलेले हात, आणि डोक्यावर मात्र ती लाल टोपी कोरडी ठणठणीत. पर्यवेक्षकांनी घड्याळ दाखवलं. अर्ध्या तासानंतर आत घ्यायचं नाही असा नियम होता. तो मागे फिरला. मी खाली वाकून लेखणी उचलली आणि पुढचं गणित सोडवलं. ते बरोबर आलं, हे मला अजून सहन होत नाही.

पेपर सुटल्यावर तो झाडाखाली बसलेला दिसला. अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. "मी काठावर पोचलो तेव्हा पाणी चढलेला होता," तो सांगू लागला, "पोहून आलो, पण ओढीने पार आतल्या तिवरांत नेऊन टाकला."

"तू काठावर गेला होतास?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"मग कसा काढलास?"

"चतुर्थी. चार. त्यात दोन..."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं आता हा मला मारणार, आणि मारावं असंच मला वाटत होतं. तर तो हसायला लागला. "अरे भटा," तो म्हणाला, "ते दोन आमच्या चांदाला! आम्हाला चांद दिसतो तुमच्या बीजेला, आमची पहिली तारीख तुमच्या तिजेला. आम्ही दोन दिवस मागे म्हणून मिळवायचे. तुमच्या तिथीला कशाला मिळवलेस? सुकती नवाला होती."

तेवढ्यात मास्तर आले. ते पार कोसळून गेले होते. "काय झालं? कुठे होतास?" त्यांचा आवाज चिरकत होता. माझ्या शेजाऱ्याने टोपी काढली, आतून माझी चिठ्ठी घेतली, बोटांत चुरगाळून तोंडात टाकली आणि शांतपणे चघळू लागला. "झोपून राहिलो, मास्तर," तो म्हणाला. "रात्री लग्नात जागलो होतो." मास्तरांना वाटलं हा वर आणि सुपारी चघळतोय. ज्या मास्तरांनी तीन वर्षं त्याच्यावर हात उगारला नव्हता, त्यांनी तिथेच झाडाची काठी मोडून घेतली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक शब्द बोलायचा होता. तो माझ्याकडे बघत माझी चिठ्ठी गिळत होता आणि मी बोललो नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा धक्का तो, आणि तो मला माझाच बसला.

पुढच्या आठवड्यात तो फत्तेमारीवर गेला. मी पास झालो. काही वर्षांनी मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर, आमच्याच शाळेत, माझी नेमणूक झाली. ती खुर्ची खरी कोणाची आणि माझ्याकडे कशी आली हे गावात फक्त मला ठाऊक होतं. त्या खुर्चीत मी कधी पाठ टेकून बसलो नाही, मुलांना वाटे मास्तर शिस्तीचे आहेत.

पाचसहा वर्षं अशीच गेली. एके दिवशी चौथीला कविता शिकवत असताना एक उंच, काळाभोर रापलेला, दाढी राखलेला माणूस मागे येऊन मुलांच्या शेजारी तरटावर बसला. मी लगेच ओळखलं आणि माझे शब्द अडखळू लागले. त्याने हातानेच खूण केली, चालू दे. अख्खा तास तो गुडघे पोटाशी घेऊन ऐकत बसला. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली, तेव्हा इतकी वर्षं दाबून ठेवलेलं मी एका दमात बोलून टाकलं. "मी सांगायला हवं होतं. पण तू तरी का नाही चिठ्ठी दाखवलीस? तुझं सगळं गेलं रे."

"मग मास्तरांनी तुला मारला असतान," तो म्हणाला. "सगळ्या गावाने तोंडावर बोलून दाखवला असतान. तू शाळेचं नाव टाकला असतास, मी ओळखतो तुला. दोघं घरी बसून काय करणार होतो? एक तरी वर्गात बसायला हवा होता ना."

मी त्याला खुर्ची पुढे केली. त्याने तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, पण बसला नाही. "बरा शिकवतोस," म्हणाला, "मोठ्याने शिकव जरा, मागे ऐकू येत न्हाय." आणि गेला.

घंटा झाली. मुलं आत आली. मी त्यांना मघाचीच कविता मोठ्याने म्हणायला सांगितली आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. कविता संपली तरी मला वळता येईना, म्हणून मी त्यांना तीच पुन्हा एकदा म्हणायला सांगितली.