काळ्या गरुडाची उडी

हंबीररावांच्या हातात एकदा माइक गेला की तो काढून घ्यायची कुणाची टाप नाही. म्हसवडपासून तीन कोसांवरचं गाव, तिथल्या यात्रेचं कुस्ती-मैदान, आणि गेली वीस वर्षं निवेदनाला हंबीरराव. शेवटची मोठी कुस्ती लागायच्या आधी ते एक गोष्ट सांगणार म्हणजे सांगणारच.

"मंडळी, सांगलीत फ्रीस्टाइलवाल्यांचा शो लागला होता! मुखवटेवाले, परदेशी म्हणवणारे, खोटी कुस्ती खेळणारे! त्यात उतरला आपला धुळा पैलवान. समोर कोण? काळा गरुड! सात फूट उंची!"

गेल्या साली हाच गरुड साडेसहा फूट होता. त्याच्या आदल्या साली सहा. विशीनंतर माणूस वाढत नाही म्हणतात, पण हा दर यात्रेला अर्धा फूट वाढत होता. आणि पहिल्या रांगेत डोक्याला फेटा बांधून बसलेला धुळा दरवर्षी मान खाली घालून ऐकत होता. लोक म्हणायचे, बघा, एवढा पराक्रम करून माणूस किती साधा!

साधा कसला! तो लोकांची नजर चुकवत होता. खरा गरुड धुळाच्या हनुवटीला लागत होता. पाच फूट चार इंच. हे धुळाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या दिवशी दुपारी दोघांनी एका डब्यातली आमटी-भाकरी खाल्ली होती.

यंदा तर गावानं कहर केला. धुळाचा सत्कार ठरवला, चांदीचा मुलामा दिलेली गदा आणली. धुळाची पोरगी राणी सांगलीच्या तालमीत कुस्ती शिकते, वय एकोणीस. तिची कुस्ती दुपारीच झाली होती आणि तिनं अडीच मिनिटांत समोरचीला चीत केलं होतं. अंगाची माती न झटकता ती कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उभी होती, बापाच्या हातात गदा कधी येते ते बघत. प्रत्येक कुस्तीआधी ती बापाच्या पाया पडायची आणि समोरचीला सांगायची, "खोटी कुस्ती मोडून काढणाऱ्याची पोरगी हाय मी." धुळाचा सगळा जीव ह्या एका वाक्यात अडकून पडला होता. तेवढं वाक्य तिच्या तोंडून गेलं, तर आपल्यापाशी उरतं काय, असं त्याला वाटायचं.

आता मूळ हकीकत ऐका.

धुळा मेंढपाळाचा पोर. बाप अर्जुना सहा महिने मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. पोराच्या अंगात ताकद दिसली तशी त्यानं त्याला सांगलीच्या तालमीत नेऊन घातला आणि एकच गोष्ट बजावली, "हरलास तरी चालंल. पर नुरा करू नगंस." नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली, बघणाऱ्याला उल्लू बनवणारी कुस्ती. धुळानं बारा वर्षं मैदानं गाजवली. पुष्कळ जिंकला, काही हरला, पण नुरा एकदाही केली नाही. मग तिशीत गुडघा गेला. खुराक परवडेना, मैदानाची बोलावणी थांबली, आणि मिरजेच्या एका दवाखान्यात तो गेटवर वॉचमन म्हणून लागला.

त्याच सुमारास सांगलीत त्या शोचे बोर्ड लागले. मुखवटे, दोऱ्यांचं रिंगण, परदेशी मल्ल. त्यांना हरायला एक खराखुरा गावठी पैलवान हवा होता. धुळानं विचार केला, ही काही कुस्ती नव्हे, हे नाटक आहे, नाटकात नुरा कसली? शिवाय आपल्या गावाला कळतंय कशाला! म्हणून हो म्हणाला, आणि इथंच तो फसला.

शोच्या दिवशी सकाळी तालीम झाली. काळा गरुड मुखवटा काढून समोर आला, तर मिरजेचा जयराज निघाला, पंचवीस वर्षांचा. लहानपणापासून मल्लखांबावर वाढलेला, वाऱ्यासारखा हलका. त्यानंच धुळाला शिकवलं.

"पैलवान, तुम्ही फक्त हात द्या. उडी मी घेतो. वर धरायचं, एक गिरकी मारायची आणि मला पाठीवर सपाट सोडायचं. फळ्यांखाली स्प्रिंगा आहेत, लागत नाही. शेवटी तुम्ही पडायचं. तीन आकडे मोजले की झालं."

धुळा बिचकत होता. माणूस असा अलगद उचलायची त्याला सवयच नव्हती. खऱ्या कुस्तीत समोरचा जमिनीला चिकटून बसतो, त्याला उचलताना कंबरडं मोडायची पाळी येते. हा मात्र उडी घ्यायचा, अंग सैल सोडायचा आणि कडेवर घेतलेल्या लेकरासारखा वर यायचा. दहा वेळा केलं, दहाही वेळा धुळानं त्याला सपाट सोडला. मग जयराजनं आईनं दिलेला डबा उघडला आणि म्हणाला, "या, खाऊ. आता आपलं जमलं."

संध्याकाळचा शो म्हणजे निव्वळ फजिती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. माइक सारखा किंचाळत होता. ठोसा गालापासून वीतभर लांबून जायचा आणि पडणारा मात्र कोलांटी खायचा. कुस्तीवर पोसलेली सांगलीची माणसं ती, त्यांना कोण फसवणार? "आरं, हाण की खरं!" "लागलं न्हाई त्याला, कशाला कन्हतंय?" लोक शेंगा खात हसत होते, काही उठून चालले होते. असा पचका सांगलीनं पूर्वी बघितला नसेल.

धुळा आणि गरुड रिंगणात आले, तेवढ्यात फाटकातून गुलाल उधळत चाळीस माणसं आत घुसली. "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" कुणीतरी बोर्डावर धुळाचा फोटो बघितला होता आणि अख्खं गाव टेम्पोत भरून आलं होतं. सगळ्यांच्या पुढं, खांद्यावर घोंगडी टाकलेला त्याचा बाप अर्जुना.

धुळानं बापाकडं पाठ फिरवली.

पहिला डाव कसाबसा झाला. दुसऱ्यात ठरल्याप्रमाणे गरुडानं न लागणारी चापट मारली आणि धुळा ठरल्याप्रमाणे कोलमडला. तसा म्हातारा खुर्चीवर उभा राहिला.

"धुळा! नुरा खेळतुयास व्हय रं? त्यापरीस मेंढरं राखायची हुतीस!"

सगळी माणसं हसली. म्हातारा हसला नाही. नेमकं त्याच वेळी जयराजनं मुखवट्याच्या भोकातून डोळा मारला आणि उडी घेतली. दहा वेळा घेतली होती तशीच, अंग सैल सोडून. धुळाच्या हातांत तो अलगद आला. गिरकीही झाली. आणि मग सपाट सोडायच्या ऐवजी धुळानं होती नव्हती ती ताकद लावून त्याला मानेवर आपटला.

अहो, काय तो जल्लोष! मघाशी उठून चाललेली माणसं मागं फिरली. गुलाल उडाला, फेटे उडाले, धुळाला खांद्यावर घेतला. बापानं दोन्ही हात वर केले. गरुड उठत नव्हता, तर लोक ओरडत होते, "ऊठ की रं आता! नाटकं बास!" खांद्यावरून धुळाला तेवढं दिसलं. कुणीतरी मुखवटा काढला तसा जयराजचा पांढराफटक चेहरा दिसला. तो नाटक करत नव्हता.

शो तिथंच मोडला. सांगलीकर चार दिवस त्या फजितीवर हसले आणि विसरले. फक्त धुळाच्या गावानं त्या मोडक्या शोमधून आपला पराक्रम तेवढा उचलून घरी नेला. अर्जुना तीन वर्षांनी गेला, तो छाती फुगवूनच गेला. धुळानं कुणापाशी चकार शब्द काढला नाही. बायकोपाशी, अंजनापाशीसुद्धा नाही. जयराज बरा झाला असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. सांगायला काय जातंय!

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दवाखान्याच्या गेटवर चाकाची खुर्ची आली. खुर्चीतल्या माणसानं मान वर केली आणि तोंड भरून हसला. "पैलवान! ओळखलंत का? एका डब्यात जेवलोय आपण."

धुळा खुर्चीच्या चाकांकडं बघत राहिला. जयराज मात्र आनंदानं बोलत होता. पाय गेले ते गेलेच. आता सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीत भोपळे घासायचं काम करतो, हात शाबूत आहेत, पोट भरतं. आणि मग जरा थांबून त्यानं विचारलं, "एक विचारू? त्या दिवशी माझी उडी चुकली ना? उशीर झाला का मला?"

काय बोलावं माणसानं? पाया पडावं, खरं सांगून मोकळं व्हावं. धुळा खाली बघत म्हणाला, "व्हय... जरा उशीर झाला असंल."

"मलापण तसंच वाटतं," जयराज म्हणाला आणि खुर्ची आत गेली.

त्या सकाळपासून धुळाला अन्न गोड लागेना. तीनदा तो त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तीनदा तोंड लपवून माघारी आला. असा सहा फुटी गडी, पण एका खुर्चीतल्या माणसाला भ्यायला!

तर आता ती गदा. हंबीररावांची गोष्ट संपली, गदा धुळाच्या हातात आली, हलगी कडाडली, आणि "दोन शब्द बोला" म्हणून माइक तोंडासमोर आला. दरवर्षी तो नुसता नमस्कार करायचा. यंदा गदेकडं बघून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"हे सांगत्यात ते खरं न्हाई," तो म्हणाला. हलगी थांबली. "त्यो सात फुटी नव्हता, परदेशीबी नव्हता. मिरजंचा मल्लखांबवाला हुता. माझ्यावर इस्वास ठिवून त्यानं अंग सैल सोडलं हुतं. सैल सोडलेल्या माणसाला म्या मानंवर आपटला. त्याचं पाय गेलं. मी जिंकलो न्हाई. म्या घात केला."

पण हंबीरराव कसले वस्ताद! त्यांनी क्षणात माइक ओढून घेतला.

"बघा मंडळी! ह्याला म्हणतात मोठेपणा! पाडलेल्या गड्यासाठीसुद्धा ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो खरा पैलवान! वाजवा टाळ्या!"

आणि वाजल्या की टाळ्या! नुसत्या वाजल्या नाहीत, लोक उभे राहिले. धुळा "आवं, ऐका तरी" म्हणत राहिला, पण ऐकतो कोण? पंधरा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा त्यानं उचलून समोर ठेवला, आणि ह्या भल्या माणसांनी त्यालाच शेंदूर फासला.

सगळ्या मैदानात एकटी राणी टाळ्या वाजवत नव्हती. ती त्याच्याजवळ आली. तिचा चेहरा बघून धुळाला वाटलं, संपलं.

"आबा, हे त्या माणसाला सांगितलं का?"

"न्हाई."

"मग हितं कुणाला सांगत हुता?"

राणीनं त्याच्या हातातली गदा घेतली आणि टेबलावर परत ठेवली. पाया पडली नाही. "उद्या मिरजंला जायचं," म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्या गल्लीत आले. एका बोळातल्या खोलीत जयराज खुर्चीत बसून मांडीवरचा भोपळा काचपेपरनं घासत होता. "पैलवान, या की!" त्याचा चेहरा फुलला. "ही कोण, लेक?"

धुळा उंबऱ्यातच उभा राहिला. आत गेलो तर बोलणं होणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"जयराज, तवा गेटवर मी खोटं बोललो. तुला उशीर झाला नव्हता. तुझी उडी बरोबर हुती. म्याच तुला मानंवर आणला. माझा बाप वरडला आन् माझी अब्रू जातीया असं वाटलं, म्हून. जाणूनबुजून."

काचपेपर थांबला.

"पंधरा वर्षं," जयराज म्हणाला, "पंधरा वर्षं मी इथं बसून ती उडी मोजतोय. डावा पाय आधी पडला का? हात लवकर गेले का? आई जायच्या आधी म्हणाली, बाळा, तुझं लक्ष तरी कुठं होतं त्या दिवशी? मी म्हटलं, चुकलं गं आई माझं. आणि तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"मी तोंडानं विचारलं तरी सांगितलं नाहीत."

"न्हाई सांगितलं."

जयराज ओरडला नाही. भोपळ्यावरची भुकटी त्यानं फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "तुम्ही बाहेर व्हा. पोरगी बसू दे, तिनं काय केलंय? तुम्ही बाहेर व्हा."

धुळा गल्लीत येऊन उभा राहिला. चपला पायात घालायच्या हातातच राहिल्या. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"कुस्ती खेळतेस का गं?"

"व्हय."

"मग ऐक. ती उडी कशी होती ते आजपर्यंत कुणाला सांगायची मला लाज वाटायची. आता सांगतो. डावा पाय पुढं टाकायचा. गुडघ्यात वाकायचं. नजर समोरच्याच्या हातांवर. पाय सुटले की अंग आवळायचं नाही, नाहीतर दोघांना लागतं. सगळा भार त्याच्यावर सोडून द्यायचा."

"आन् त्यानं धरलंच न्हाई तर?"

"ते मला कसं माहीत असणार, पोरी? बापाला विचार तुझ्या. बाहेर उभा असेल."

धुळा बाहेरच उभा होता.