सरांची घामाची अट

आधीच सांगतो, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील. नववीनंतर शाळा सुटली आणि तेव्हापासून हातात पेनापेक्षा गिटारच जास्त राहिली. शब्दही साधेच येतात. पण घाटकोपरला सावंत सरांच्या क्लासात बसून बसून इतके किस्से साठलेत, की मित्रांना एक सांगायला जावं तर त्याच्या मागून दुसरा येतो. म्हटलं, लिहूनच काढू.

सर मूळचे मालवणकडचे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.

"आवाज काय गावाक ठेवन इलंस?" सर म्हणाले आणि गिटार माझ्या हातात दिली. "नाव राहू दे. ही जाड तार वाजव, निदान ती तरी ऐकू येईल."

माझं नाव सुहास आहे हे त्यांना पुढच्या आठवड्यात कळलं, तेही माझ्या आईकडून.

*

सरांची एक अट आहे. ज्याने लोकांसमोर एकदा तरी एकट्याने वाजवलं नाही, ज्याला स्टेजवर घाम फुटला नाही, त्याने त्यांच्या क्लासात शिकवायचं नाही.

मला शिकवायचं होतं. दिवसभर मी चेंबूरला मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात असतो. तिथे कोणाशी फार बोलावं लागत नाही. पण क्लासात एखाद्याचं बोट कुठे अडतंय ते मला बघूनच कळतं, आणि ते सुटलं की त्या माणसाचा चेहरा बदलतो, तो बघायला फार आवडतं. सर सोमवार सकाळची नवी बॅच सुरू करणार होते. ती मला हवी होती. अडचण एकच. घरी भिंतीकडे तोंड करून सगळं वाजतं, समोर माणसं बसली की डावा हात लाकडाचा होतो.

"सर, शिकवताना पोरांसमोर वाजवीनच ना मी," एकदा धीर करून म्हणालो.

"पोरं मार्क देत नाहीत रे. पब्लिक देतं."

"तुम्हाला फुटला होता घाम?"

सरांनी गिटार खाली ठेवली. म्हणजे आता किस्सा येणार.

*

मुलुंडच्या एका सोसायटीत कार्यक्रम होता. गाणाऱ्या बाईंनी आपला सूर सांगितला, काळी दोन. सरांनी कॅपो लावला. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर बसवायचा चिमटा, तो पुढे सरकवला की सूर चढतो. बाईंनी मुखडा बरोबर घेतला. मग त्यांना जोश आला आणि त्या थोड्या वर गेल्या. सरांनी पहिल्या कडव्याआधी चिमटा एक घर पुढे घेतला. दुसऱ्या कडव्याला बाई आणखी वर. सर आणखी पुढे. गाणं संपलं तेव्हा सरांचा हात गिटारच्या पोटाला टेकला होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

टाळ्या थांबल्यावर बाई माईकवरून म्हणाल्या, "आमचे गिटारवाले दादा छान वाजवतात. फक्त एका जागी थांबत नाहीत."

*

"आणि सगळ्यात भारी कधी वाजवलंत?" मी विचारलं. मला अशा गोष्टी विचारत राहायची सवय आहे.

"माहुलला. हळदीत."

बँजो पार्टीसोबत सर गिटार वाजवत होते. म्हणे त्या संध्याकाळी बोटं अशी पळत होती की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटत होतं. नवऱ्याचा मामा नाचता नाचता आला, त्यांना मिठी मारली. "मास्तर, जीव काढलात आज!"

मग पार्टी दम खायला थांबली. सरांनी मागे बघितलं तर त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढून कोणीतरी तिथे मोबाईल लावला होता.

"कधीपासून, सर?"

"मोबाईल फुल चार्ज झाला होता."

"मग मामाने ऐकलं काय?"

सरांनी खाली ठेवलेली गिटार परत उचलली. "तेच तर मला पण विचारायचं होतं."

*

आमच्या क्लासात एक कांबळेकाकू आहेत. देवनारला राहतात, हॉस्पिटलात नर्स होत्या, रिटायर झाल्यावर गिटार घेतली. सगळ्यांसारख्या त्याही एफ कॉर्डला अडल्या. त्यात एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. अर्धे लोक तिथेच क्लास सोडतात.

"आयुष्यभर लोकांच्या नसा शोधल्या," काकू म्हणाल्या, "एवढ्या सहा तारा समोर दिसतायत आणि दाबता येत नाहीत."

बुद्ध पौर्णिमेला त्यांच्या विहारात त्यांना एक बुद्धगीत गिटारवर म्हणायचं होतं. मी कॅपो लावून त्यांना गाण्याचे कॉर्ड असे बसवून दिले की एफ येणारच नाही. काकू खूश झाल्या.

"तू पण ये सोबत वाजवायला. मी गाते, तू माझ्या मागे लप."

मी लगेच सरांकडे गेलो. "सर, हे चालेल ना?"

"दोघांचं धरत नाही मी. एकटा म्हणजे एकटा."

काकू तिथेच गिटार पिशवीत भरत होत्या.

*

पौर्णिमा रविवारी आली. विहाराचा हॉल भरलेला. सर शेवटच्या रांगेत. काकू पांढरी साडी नेसून पुढच्या खुर्चीत, मी त्यांच्या मागे अर्धा लपलेला. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं, काकू झकास वाजवत होत्या.

दुसऱ्या कडव्याला त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. गाणंही थांबवलं. आणि खुर्ची बाजूला घेतली.

आता हॉलसमोर मी एकटा. हात थांबला असता तर सगळंच थांबलं असतं. मी फक्त बोटांकडे बघत राहिलो. घाम कानामागून उतरून शर्टात जात होता. कडवं निम्मं झालं, पूर्ण झालं, मी परत मुखड्यावर आलो. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी सूर धरला, मग सगळ्या हॉलने.

नंतर मी काकूंना गाठलं. "काकू, काय झालं?"

"हात आखडला रे, बाळा. वय झालं."

"मग गायचं का थांबवलंत?"

"हात दुखत होता ना."

तेवढ्यात खीर वाटायची वेळ झाली. मोठं पातेलं उचलायला दोन बायका पुढे आल्या. "व्हा गं बाजूला," म्हणत काकूंनी ते एकटीने उचललं, टेबलावर ठेवलं आणि पहिली वाटी सरांना दिली.

"हात जपा, काकू," सर म्हणाले.

"जपतेय ना."

सरांनी खीर संपवली, खिशातून क्लासची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि चप्पल शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन क्लास उघडला, केर काढला आणि सगळ्या गिटारी सुरात लावून ठेवल्या.