आत्याच्या शेतातली बदकं

"दर्याची बदकं आलीत, बघायला ये," असं आत्या फोनवर म्हणाली, म्हणून थंडीतल्या एका सकाळी मी पेणहून तिच्या खाडीकाठच्या गावी गेले. पिशवीत दुर्बीण होती आणि मी लिहिलेली पत्रकं होती. पावसाळ्यातल्या उधाणाने खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटला होता आणि आत्यासकट अर्ध्या गावाची भातशेतं खाऱ्या पाण्याखाली गेली होती. बांध ताबडतोब दुरुस्त करा, ही त्या पत्रकांतली आमची मागणी.

बांधावरून पाहिलं तर आत्याच्याच शेतात तलवार बदकांचा थवा उतरला होता. टोकदार शेपट्या वर करून, डोकी पाण्यात खुपसून ती खात होती. इतक्या जवळून मी ती कधीच पाहिली नव्हती. दुर्बीण खाली ठेववेना.

"काय गो, आवडली?" आत्याने विचारलं.

"खूप."

"मग एक पत्रक त्यांना पण दे. जागा खाली करायची नोटीस."

मी हसले. ती हसली नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "औंदा तांदूळ इकत आणलाय. पुढच्या साली नाय जमायचं."

दुपारी आम्ही दोघींनी घरोघरी पत्रकं वाटली. त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. बांध झालाच पाहिजे. पण तो झाला की ती बदकं या शेतात उतरणार नाहीत, हे मला प्रत्येक दारात कागद पुढे करताना आठवत होतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही.