घोड्याचं राशीनाव

एका सोमवारी मी इतकं खरं बोलले, की जमत आलेलं लग्न मोडायला टेकलं. काय सांगू तुम्हाला, अजूनही स्टँडवर वैरागची एसटी दिसली की मी पदर पुढं ओढून घेते. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढं माझी बाजू घ्यायला कुणीतरी मोकळं राहील.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी घडलेली गोष्ट. आमच्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, पुण्याला असतात. त्यांची नीला एकुलती एक. पुण्यातल्या एका क्लबात सौंदर्यस्पर्धा झाली, तिच्यात ही पोरगी पहिली आली. डोक्यावर मुकुट, अंगावरून तिरका पट्टा, आणि पेपरात फोटो. वन्संनी शेजारपाजारच्या सगळ्यांकडून तो पेपर मागून आणला आणि बंबात घातला. तरी त्या फोटोपायी दोन स्थळं परत गेलीच.

शिवाय नीलाला पत्त्यांचा नाद. साधे पत्ते नव्हेत, पोकर. सोलापूरला आमच्याकडं आली की मामाला घेऊन बसायची. डाव भाजलेल्या शेंगांवर. हातात राजा असो की दुर्री, तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आमचे हे मात्र चांगली पानं आली की लगेच मिशीवरून हात फिरवायचे. अर्ध्या तासात सगळ्या शेंगा तिच्यापुढं, आणि मी चटणीला काय कुटू म्हणून बसलेली.

आता घोड्याकडं येते. वन्संच्या यजमानांची एका रेसच्या घोड्यात भागीदारी असायची. घोड्यांना ते मोठी मोठी इंग्रजी नावं द्यायचे आणि ते घोडे मोठ्या इमानानं शेवटी यायचे. नवा घोडा घेतला तेव्हा नीला मला म्हणाली, "मामी, याला तुम्हीच नाव सांगा. तुमच्या हातची नावं लाभतात."

हे मात्र खरं होतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांची नावं मी काढलेली. त्यातला एक तलाठी झाला, एक कंपाउंडर. मग घोड्यानं काय पाप केलंय? मी त्याची जन्मवेळ मागवली, पंचांग काढलं. चित्रा नक्षत्र, तिसरा चरण, 'रा' अक्षर आलं. तीन नावं कागदावर लिहिली: राजशेखर, रामलिंग, राचप्पा. वर बारीक अक्षरात जन्मतिथी, गाव पुणे. कागद देव्हाऱ्यात महादेवापुढं ठेवून वर बेलाचं पान वाहिलं. 'घोडा' हा शब्द तेवढा लिहिला नाही. देवापुढं रेसचा विषय कसा न्यायचा?

त्याच सुमाराला नीलाला वैरागचं स्थळ आलं. मुलगा महेश, पुण्याला इंजिनिअर. दोघांनी एका लग्नात एकमेकांना बघितलेलं, आणि नीलाच्या मनात तो भरलेला. वैरागहून सोलापूर जवळ, म्हणून बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी ठरला. वन्सं माझा हात धरून रडल्या. "वहिनी, मुकुट, पत्ते, घोडा, यातलं एक अक्षर तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. हेही गेलं तर पोरगी खचेल."

मी काय केलं असेल? नवस बोलले. महादेवा, नीलाचं जमू दे, सोळा सोमवार करीन. नुसता उपवास थोडा वाटला, म्हणून वर आणखी बोलले, की सोमवारी खोटं म्हणून बोलणार नाही. अकरा सोमवार झाले. पाहुणे यायचे होते मंगळवारी.

ते सोमवारीच आले.

वैरागच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "बाजारात काम निघालं बघा, म्हनलं एकाच खेपंत दोनी कामं हुतील. चालंल न्हवं?" मागं त्यांचे यजमान आणि महेश. घरात मी आणि हे, दोघंच. वन्सं आणि नीला देवळात गेलेल्या. ह्यांना मी मागच्या दारानं त्यांना आणायला पिटाळलं, पाहुण्यांपुढं पोहे ठेवले आणि बसले.

बाई देवभक्त. आधी देव्हाऱ्यापाशी गेल्या, हात जोडले, आणि त्यांना कागद दिसला.

"अक्का, बारसं हाय का कुनाचं?"

"पुण्याला एक आहे," मी म्हणाले. "त्याचं नाव ठेवायचंय."

"किती दिसांचं?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलू? घोडा म्हणावं तर वन्संना दिलेला शब्द मोडतो. दुसरं काही सांगावं तर महादेव बघतोय.

"दोन वर्षांचा आहे."

"दोन वर्साचा? आन् अजून नाव न्हाय?"

"आजवर गरज पडली नाही. आता चार लोकांपुढं आणायचाय ना."

बाई हळूच येऊन माझ्याजवळ बसल्या. "कुनाचा म्हनायचा त्यो?"

"तसा नीलाच्या वडलांच्या नावावर आहे. पण त्याचं सगळं करते ती नीलाच. तिच्या हातचं खाल्ल्याशिवाय त्याला चैन पडत नाही."

"आन् त्याचा बाप?"

"विलायतेचा. तो इकडं नसतो."

"आई?"

"आई पुण्याचीच. काय देखणी, लोक वळून वळून बघतात. बक्षिसंसुद्धा मिळवलीत तिनं."

खोटं एक अक्षर नाही आणि घोड्याचं नावही नाही. मला वाटत होतं, आपण काय सफाईनं बोलतोय. महेशनं पोह्यांची बशी खाली ठेवली होती. मला वाटलं, तिखट लागलं असेल. मी साखर आणू का विचारलं.

"लगीन झाल्यावर त्याचं काय करनार?" बाईंनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"राहील की पुण्यातच. नीला अधूनमधून जाऊन बघून येईल. जावईबापूंनीही जावं सोबत. नव्या माणसाला आधी जरा चावतो तो, पण गूळ दिला की अंग चाटतो."

महेशचे वडील, जे आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, ते उठले आणि टोपी घालून म्हणाले, "चला. एसटी गाठायची हाय."

काहीतरी बिनसलं एवढं मला कळलं. काय, ते कळेना. मी दारात आडवी उभी राहिले. चहा तरी घ्या, नीला येईलच म्हणाले. तेवढ्यात नीला, वन्सं आणि हे धापा टाकत दारात.

वैरागच्या बाईंचे डोळे भरले होते. त्या नीलाला म्हणाल्या, "पोरी, मी तुला वंगाळ बोलनार न्हाय. तुझ्या मामीनं खरं सांगितलं, लई उपकार झाले. पन दोन वर्साचं लेकरू लपवून लगीन लावत न्हाईत गं."

वन्सं होत्या तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी देवाकडं.

नीलाच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. बिनदिक्कत विचारते, "मामी, काय काय सांगितलंत?"

"सगळं खरंच सांगितलं गं," मी म्हणाले.

"मग थांबा. फोटो आणते."

महेशचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. बिचारा खुर्चीची पाठ धरून उभा होता. नीलानं पिशवीतून फोटो काढून त्याच्या आईच्या हातात दिला. बेलबॉटम घातलेली नीला, आणि तिच्या हातातलं गाजर खाणारा एक उंचापुरा घोडा, कपाळावर पांढरा पट्टा.

बाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला, उलटून मागची बाजूही बघितली.

"ह्यात लेकरू कुटं हाय?"

"हाच तो."

"ह्यो घोडा हाय."

"दोन वर्षांचा आहे," मी म्हणाले. तेवढंच आठवलं मला.

पहिल्यांदा हसला महेश. मग त्याचे वडील टोपी काढून पुन्हा खाली बसले. नीला मात्र हसली नाही. आता पहिल्यांदाच तिचा आवाज कापत होता. "सगळंच सांगते. हा घोडा रेसमध्ये पळणार आहे. मी पोकर खेळते. आणि स्पर्धेत पहिली आले, मुकुट घालून फोटो छापून आला, ती मीच. यातलं काही चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

वन्संनी डोळे मिटून घेतले.

"अगं, मगापासनं मी त्या इंग्रजी लेकराला घरात कसं घ्यायचं त्याचा इचार करतीया," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्याच्यापुढं पत्ते काय आन् मुकुट काय. आमची काय ना न्हाय. पन ह्या कागदावरचं तिसरं नाव आधी खोडा."

"का हो?" मी विचारलं.

"आमच्या मामंजींचं हाय ते. घोडा जिंकला तर मला तोंडानं नाव घ्यायची पंचाईत."

खोडलं. मग चहा झाला, आणि नारळ-साखरपुड्याचं बोलणंही. घोडा राजशेखर नावानं पळाला, पहिल्याच शर्यतीत शेवटून दुसरा आला. वन्संचे यजमान म्हणाले, प्रगती आहे. महेश आणि नीलाचा संसार मात्र पहिल्या दिवसापासून पुढंच आहे, महादेवाची कृपा.

पुढं काही वर्षांनी आमच्या लेकीला, शैलाला, बघायला पाहुणे यायचे होते. आमच्या ह्यांनी जन्मात कधी देवाला नवस म्हणून सुपारीसुद्धा बोललेली नाही. पण त्या दिवशी पहाटेच अंघोळ करून देवळात जाऊन आले. कपाळभर विभूती. मला भरून आलं. म्हटलं, "शैलाचं जमू दे म्हणून बोललात ना?"

"ते जमेल," हे म्हणाले. "पाहुणे उठेपर्यंत तू स्वयंपाकघराबाहेर येऊ नयेस, एवढंच बोललोय."